व्हॅलेटाची वॉकिंग टूर आणि तिथल्या फुकटात बसायच्या जागा, माझा रिव्ह्यू

व्हॅलेटा म्हणजे माल्टा या भूमध्य समुद्रातल्या बेटांच्या देशाची राजधानी. धाकटा भाऊ माल्टात एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहे. दीड वर्ष झालं मागं लागला होता, अण्णा आईला घेऊन ये एकदा, आणि शेवटी ऑक्टोबरात मी आणि आई शहापूरहून निघालो, बेळगाव ते मुंबई रात्रीची बस आणि पुढं एकदा विमान बदलून माल्टा. आईचं वय 67, दोन्ही गुडघे दुखतात, हे आधीच सांगतो कारण हा सगळा रिव्ह्यू त्या गुडघ्यांच्या हिशेबानं लिहिलाय. आणि मी बांधकामावर सुपरवायझर, बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात बावीस वर्षं झाली, त्यामुळं कुठंही गेलो की माझी नजर आधी भिंतीच्या कोपऱ्यावर आणि दगडाच्या दरजेवर जाते, त्याला इलाज नाही.

भावानं तीन तासांची चालत फिरायची टूर बुक केलेली, कंपनीचं नाव लिहीत नाही. भेटायची जागा ट्रायटन फाउंटन. हे सोपं पडतं कारण सगळीकडच्या बसेस तिथंच येऊन थांबतात, हुकायचा प्रश्नच नाही. कांस्याचे तीन समुद्रदेव मोठी थाळी डोक्यावर धरून आहेत, 1959 चं काम आहे, व्हिन्सेंट आपाप नावाच्या तिथल्याच शिल्पकाराचं. आम्ही अर्धा तास आधी पोचलो तर आई कारंज्याच्या कडेला बसून डबा सोडायच्या तयारीत, मी म्हटलं जरा थांब की गं.

तिथनं पूल ओलांडला की शहराची वेस. खाली खंदक बघितला आणि मी तिथंच थांबलो. आमच्या किल्ल्याचा खंदक लहानपणापासनं बघायलोय, गवत, पाणी, झाडी. इथला खंदक अख्ख्या खडकात खोल कापून काढलाय, कोरडा ठणठणीत, आणि आता तळाला बाग केली आहे. वेशीला कमान नाही, वर छप्पर नाही, तटाला सरळ खाच पाडल्यासारखी वाट. रेंझो पियानो या इटालियन आर्किटेक्टचं काम, शेजारची पार्लमेंटची बिल्डिंग पण त्याचीच, 2015 पासनं वापरात. ती खांबांवर उचललेली आहे, खालनं माणूस आरपार जातो, आणि भिंतीच्या दगडाचे ठोकळे मशीननं असे खाचा पाडून कोरलेत की ऊन थेट आत येत नाही. गाइड म्हणाला गावातल्या बऱ्याच लोकांना हे नवं काम आवडलं नव्हतं. मला आवडलं. दगड तोच त्या रंगाचा ठेवलाय, गूळ पातळ केल्यावर येतो तसा पिवळा, पण जुन्याची नक्कल केलेली नाही.

त्याला लागूनच जुन्या ऑपेरा हाउसचे राहिलेले खांब. 1866 ला उघडलेलं, 1942 च्या एप्रिलमध्ये बॉम्ब पडून गेलं, आणि पुढं कितीतरी वर्षं तसंच पडून होतं. आता त्या पडक्या खांबांच्या मधोमध उघडं थिएटर केलंय. पडझड झाकली नाही की पाडूनही टाकली नाही, तशीच ठेवून आत खुर्च्या मांडल्या. आपल्याकडं जुना वाडा पडला की आठवड्यात जेसीबी येतो आणि आधी सागवान जातं, हे मी डोळ्यानं बघितलंय, त्यामुळं तिथं जरा गलबललं मला.

थोडं इतिहासाचं, कारण गाइडनं हे फार छान सांगितलं. 1565 ला तुर्कांनी बेटाला वेढा दिला तो तिथं राज्य करणाऱ्या नाइट लोकांनी, म्हणजे सेंट जॉनच्या पंथातल्या ख्रिस्ती लढवय्यांनी, परतवला, आणि लगेच पुढच्या वर्षी, 28 मार्च 1566 ला, त्यांचा प्रमुख ला व्हॅलेट यानं या उघड्या डोंगरसोंडेवर नव्या शहराचा पाया घातला. म्हणजे हे गाव हळूहळू वाढलेलं नाही, आधी कागदावर आखलेलं. पोपनं पाठवलेला लापारेल्ली हा किल्ल्यांचा इंजिनिअर, त्यानं सरळ रस्ते एकमेकांना काटकोनात आखले, आणि पुढचं काम जिरोलामो कास्सार या माल्टाच्याच माणसानं केलं. आधी विचार होता की डोंगराचा माथा तासून सपाट करायचा आणि मग बांधायचं, पण तुर्क परत येतील ही भीती, तेवढा वेळ कुठला, म्हणून तासणं अर्धवट सोडलं आणि रस्ते तसेच चढउतारावर टाकले. म्हणून आजही बाजूच्या गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. घाईत घेतलेला निर्णय साडेचारशे वर्षांनी माझ्या आईच्या गुडघ्यात येतो, साइटवरच्या माणसाला हे लगेच पटेल.

आणि नियम काय होते बघा. घर बांधायचं तर खाली पाण्याचं टाकं पाहिजेच, छपरावरचं पावसाचं पाणी त्यात सोडायचं. बेटावर बारमाही नदी एक पण नाही. टाक्यासाठी खोदलेला दगड तिथंच भिंतीला वापरायचा. कोपऱ्यावरच्या घरानं कोपरा सजवायचा, म्हणून प्रत्येक चौकात वर कोनाड्यात कुठल्या ना कुठल्या संताची मूर्ती आणि खाली दिवा. आई म्हणाली, आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर देऊळ असतं तसंच की रे. आणि टाक्याचं ऐकून मला आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आठवली, 1924 च्या अधिवेशनाला, गांधीजी अध्यक्ष होते त्या वेळी, खोदलेली. शहर वसवायचं म्हणजे आधी पाण्याची सोय, हे त्या लोकांना आणि आपल्या जुन्या लोकांना सारखंच कळत होतं. पुढं लोकवस्ती वाढली तसं टाक्यांचं पाणी पुरेना, तेव्हा 1615 ला विन्याकूर या प्रमुखानं लांबून कमानींवरनं पाणी गावात आणलं आणि ते नाइट प्रमुखाच्या राजवाड्यापुढच्या चौकात पोचलं.

तो चौक म्हणजे सेंट जॉर्ज स्क्वेअर. पूर्वी इथं नुसत्या गाड्या लागायच्या म्हणे, आता एक गाडी नाही, जमिनीतनं कारंज्याच्या धारा उडतात आणि शाळेतनं सुटलेली पोरं दप्तरं टाकून त्यात भिजायलती. आम्ही टूर संपल्यावर परत इथं येऊन बसलो. काही विकत घ्यायचं नाही, कोण उठवत नाही. मला या गावात सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. संध्याकाळी म्हातारी माणसं येतात, ठरलेल्या जागेवर बसतात, मोठ्यानं भांडल्यासारखं बोलतात, शुद्ध कट्टाच ओ. भाषा पण कानाला ओळखीची वाटते, मूळ अरबीकडचं, सूर्याला शेम्श म्हणतात, दरवाज्याला बीब, पण लिहितात इंग्रजीसारख्या अक्षरात. रस्त्याच्या पाट्यांवर माल्टी आणि इंग्रजी दोन्ही. रिपब्लिक स्ट्रीट आधी स्ट्रादा सान जॉर्जो, मग स्ट्रादा रियाले, मग किंग्सवे, राज्य बदललं की नाव बदललं, आणि काही कोपऱ्यांवर जुनं नाव दगडात तसंच ठेवलंय. सीमाभागातला माणूस अशा पाटीपुढं दोन मिनिटं जास्तच उभा राहतो.

पण तिथंच पुढं लायब्ररीसमोरच्या चौकात माझं मन खट्टू झालं. काय सुंदर जागा, मागं नाइट लोकांनी बांधलेली शेवटची मोठी इमारत, मध्ये व्हिक्टोरिया राणीचा पुतळा, आणि चौक जवळजवळ सगळा कॅफेच्या टेबलखुर्च्यांनी भरलेला. आईला पाच मिनिटं टेकायचं होतं, रिकाम्या खुर्चीवर बसली तर वेटरनं लगेच मेनू आणला, काही घेणार नाही म्हटल्यावर उठायला सांगितलं. मर्चंट्स स्ट्रीटवर पण काही ठिकाणी छत्र्या-टेबलांमधनं अंग चोरून जावं लागतं. बेळगावच्या खडे बाजारात फुटपाथवरच्या मालातनं वाट काढायची सवय आहे आपल्याला, पण एवढ्या लांब येऊन, एवढ्या आखीव गावात तेच बघून वाईट वाटलं. धंदा करावा, पण चौक सगळ्यांचा असतो.

सेंट जॉन को-कॅथेड्रल हे मोठं चर्च टूरमध्ये आतनं नव्हतं, तिकीट वेगळं, आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. बाहेरनं साधी, किल्ल्यासारखी राकट भिंत, कास्सारचंच काम. आत पाय ठेवला की सोनं, रंग, छताला मात्तिया प्रेती या चित्रकाराची चित्रं, डोळे दिपतात. कारावाज्जो या इटालियन चित्रकाराचं 1608 चं मोठं चित्र इथंच आहे, सेंट जॉनचा शिरच्छेद, त्यानं सही केलेलं हे एकच चित्र, आणि सही पण सांडलेल्या रक्तात केलेली. पण आईला घाबरवलं ते फरशीनं. अख्खी फरशी म्हणजे नाइट लोकांच्या थडग्यांच्या संगमरवरी शिळा, चारशेच्या आसपास, रंगीत दगड बसवून काढलेल्या कवट्या, सांगाडे, ढाली. आईनं दारातच चप्पल काढली, तिथल्या बाईनं हसून घालायला सांगितली (तिथं टोकदार टाचेच्या सँडलला बंदी आहे, साध्या चपलेला नाही), मग आई म्हणाली माणसांवर पाय कसा द्यायचा, आणि पूर्ण वेळ कडेकडेनं भिंतीला धरून फिरली. मी मधनं गेलो. दगडात दगड बसवायचं ते काम एवढं बारीक की सांध्यात नख जात नाही.

आता टूरबद्दल. माहिती शंभर टक्के, गाइडचा अभ्यास दांडगा, पण पाय फार जलद. पायऱ्यांच्या गल्लीत ग्रुप खाली पोचायचा तेव्हा आम्ही अजून मध्यात, आणि खाली पोचेपर्यंत गोष्ट अर्धी झालेली. बुकिंगच्या पानावर "सोपी चाल" लिहिलेलं, ते बरोबर नाही. गुडघ्याचा त्रास असेल तर त्यांनी तसं स्पष्ट लिहायला पाहिजे. अप्पर बराक्का बागेत फक्त फोटोला दहा मिनिटं दिली, हे तर अजिबात पटलं नाही.

कारण ती बाग म्हणजे या गावाचा खरा कट्टा. 1661 च्या कमानी, पूर्वी त्यांच्यावर छप्पर होतं, आता वर आभाळ. खाली अख्खं ग्रँड हार्बर बंदर, पलीकडं बिर्गू आणि सेंग्लिया ही गावं, जहाजं, लहान होड्या. दुपारी बाराला खालच्या बुरुजावरनं तोफ उडते, दचकायला होतं. तिसऱ्या दिवशी आईला घेऊन फक्त तिथंच गेलो, डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, भावानं आणलेले गरम पास्तिझी, म्हणजे आत रिकोटा चीज किंवा वाटाणा भरलेली पदर सुटलेली करंजी. अडीच तास बसलो. परतताना लिफ्टनं खाली धक्क्यावर, ही लिफ्ट 2012 ला बांधली, 58 मीटर उंच, जुनी 1905 ची होती ती 1973 ला बंद पडलेली. म्हाताऱ्या माणसांसाठी या गावात यापेक्षा मोठी सोय नाही. आई काचेतनं खाली बघत म्हणाली, किल्ला एवढा उंच बांधला आणि आता बसल्या जागी उतरवतात.

दगडाबद्दल एक सांगायचं राहिलं. हा चुनखडी दगड मऊ, करवतीनं कापता येतो, म्हणून एवढी नक्षी. पण खारं वारं लागून खालच्या थरांना लोणा लागतो, मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं पडतात. तसे दगड काढून नवे बसवायचं काम दोन-तीन ठिकाणी चालू होतं, मी परांचीखाली उभा राहून बघितलं, तिथला गवंडी पण पाण्याची पिचकारी मारून मगच चुना लावायलता. हात करून त्याला सलाम केला, त्यानं पण केला. वर सगळीकडं लाकडी बंद सज्जे, हिरवे, लाल, निळे, राजवाड्याचा तर कोपऱ्यावरनं वळून लांबच लांब गेलेला.

मार्क द्यायचे तर टूरला पाचपैकी साडेतीन, गावाला पाचपैकी पाच, लायब्ररीचा चौक सोडून. वयस्कर माणसं बरोबर असतील तर टूर घेऊ नका, सकाळी आठच्या आत बसनं कारंज्यापाशी उतरा, रिपब्लिक स्ट्रीटनं सरळ टोकापर्यंत जा, तो रस्ता माथ्यावरनं जातो म्हणून चढ कमी, आणि बाजूच्या गल्लीत उतरायचं तर एकच निवडा. बूट रबरी तळाचे घाला, शेवटच्या दिवशी पावसाची एक सर आली आणि त्या पायऱ्या साबण लावल्यासारख्या झाल्या, आई माझा हात धरून एक एक पायरी मोजत उतरली, सत्तेचाळीस.