दुर्मीळ कर्करोग आणि 'ग्लोबल कॅन्सर ऑब्झर्व्हेटरी': नकाशातला फिका रंग कसा वाचावा

जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयएआरसी' या कर्करोग संशोधन संस्थेची 'ग्लोबल कॅन्सर ऑब्झर्व्हेटरी' ही वेबसाइट फुकट आहे आणि नकाशे, तक्ते लगेच डाउनलोड होतात. तिच्या 'कॅन्सर टुडे' विभागात २०२२ सालचे, १८५ देशांचे आणि ३६ प्रकारच्या कर्करोगांचे अंदाज मिळतात. स्तन किंवा फुप्फुसाच्या कर्करोगासाठी ही सोय उत्तम आहे. नकाशात जिथे दर जास्त तो देश गडद, जिथे कमी तो फिका दिसतो. दुर्मीळ कर्करोगासाठी मात्र या रंगांवर एकदम विश्वास टाकू नये.

सुरुवातीलाच एकूण रुग्णसंख्येऐवजी 'एएसआर', म्हणजे वयानुसार जुळवलेला दर निवडा. नाहीतर मोठी किंवा वयस्क लोकसंख्या असलेला देश उगाच गडद दिसतो. मग आपला आजार यादीत आहे का ते बघा. मेसोथेलिओमा (मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग), कापोसी सार्कोमा, पित्ताशय, लाळग्रंथी हे वेगवेगळे मिळतात. हाडांचे आणि मऊ ऊतींचे सार्कोमा यादीत नाहीत. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या यकृताच्या 'सी२२' या कोडमध्ये यकृतातल्या पित्तनलिकांचा कर्करोगही मिसळलेला असतो, आणि इथेच मोठी फसगत होते. ईशान्य थायलंडमध्ये कच्च्या माशांतून पोटात जाणारा यकृत-कृमी पित्तनलिकेत वर्षानुवर्षे राहतो, त्यामुळे तिथे हा एरवी दुर्मीळ कर्करोग नेहमीचा झाला आहे. नकाशात मात्र अख्खा थायलंड एकाच रंगाचा, तोही 'यकृत' या नावाखाली.

देशाची सरासरी किती लपवते याचं टोकाचं उदाहरण तुर्कस्तानात आहे. कप्पाडोकियातल्या करायनसारख्या मोजक्या गावांत घरांच्या दगडात आणि मातीत एरिओनाइट नावाचं तंतुमय खनिज असल्याने मेसोथेलिओमाने माणसं मोठ्या संख्येने दगावली. देशाच्या आकड्यात ती गावं कुठेच दिसत नाहीत. अशा वेळी याच संस्थेचं 'कॅन्सर इन्सिडन्स इन फाइव्ह कॉन्टिनेंट्स' उघडावं. त्याच्या बाराव्या खंडात २०१३ ते २०१७ चे आकडे देशांऐवजी कर्करोग नोंदणी केंद्रांनुसार आहेत.

तिथे 'एमव्ही' टक्केवारीचा रकाना चुकवू नका. किती रुग्णांचं निदान पेशी किंवा ऊती तपासून पक्कं झालं, ते तो सांगतो. टक्केवारी फार कमी असेल तर निदान कच्चं. ती जवळजवळ शंभर असेल तरी शंका घ्यावी, कारण बायोप्सीपर्यंत न पोहोचलेले रुग्ण मोजणीतून सुटलेले असू शकतात. मेसोथेलिओमा आणि अॅडिनोकार्सिनोमा हा फुप्फुसाच्या कर्करोगाचा प्रकार वेगळे ओळखायला कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी१ यांसारखी प्रथिनं अँटिबॉडींनी रंगवून दाखवणारं स्टेनिंग लागतं. ही सोय नसेल तिथे मेसोथेलिओमा फुप्फुसाच्या कर्करोगात जमा होऊ शकतो आणि नकाशा फिका राहतो. मेसोथेलिओमाचं मुख्य कारण असलेलं अॅस्बेस्टॉस भरपूर वापरलेला देश फिका दिसला, तर आधी तिथल्या पॅथॉलॉजीची चौकशी करावी.

उपचारांची तुलना हा या साइटचा सर्वात कमकुवत भाग. मृत्यूंना नव्या रुग्णांनी भागून 'कुठे उपचार चांगले' असा निष्कर्ष काढणारे बरेच दिसतात. पण मृत्यूंची नोंद नसलेल्या देशांत मृत्यूंचा आकडा नव्या रुग्णांवरूनच मॉडेलने काढलेला असतो. मग तो भागाकार म्हणजे मॉडेलमधलं गृहीतक परत वाचणं झालं.

मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमाचंच घ्या. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एक, हे प्रमाण जगभर फारसं बदलत नाही. जगण्याची शक्यता मात्र प्रचंड बदलते: श्रीमंत देशांत ९५ टक्क्यांहून अधिक मुलं वाचतात. बाकी अनेक ठिकाणी डोळ्याच्या बाहुलीतली पांढरी झाक लक्षात येऊन मूल तज्ज्ञाकडे पोहोचेपर्यंत गाठ डोळ्याबाहेर पसरलेली असते. 'कॅन्सर टुडे'च्या ३६ प्रकारांत हा आजार नाही. त्यासाठी याच संस्थेचं 'इंटरनॅशनल इन्सिडन्स ऑफ चाइल्डहुड कॅन्सर' बघावं, आणि जगण्याचे दर वेगळ्या अभ्यासांतून घ्यावेत.