सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप: चार महिने बंद, चार महिने खुला

साठ फ्लॅटच्या सोसायटीत दोन्ही पद्धती वापरून झाल्यावर हे लिहीत आहोत.

'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात' ही सेटिंग लावली की पहिला आठवडा सगळ्यांना बरं वाटतं. गुड मॉर्निंगची फुलं थांबतात, टँकरची वेळ शोधत वर सरकावं लागत नाही. दुखणं नंतर कळतं. तिसऱ्या मजल्यावर भिंतीला ओल आली की तिथले लोक सेक्रेटरींना एकट्यांना मेसेज करतात. वरच्या-खालच्या घरांनीही तेच केलेलं असतं, पण एकमेकांना पत्ता नसतो. डक्टमधला एकच पाइप गळतोय, हे खुल्या ग्रुपवर तासाभरात लक्षात येतं. बंद ग्रुपमध्ये महिना जातो. शिवाय विंगवार वेगळे ग्रुप निघतात आणि तिथे मेन्टेनन्सच्या हिशोबावर जे बोललं जातं, त्याला उत्तर द्यायला समितीतलं कुणी नसतं.

खुला ग्रुप फसतो तो रात्री. पार्किंगचा विषय दुपारी निघाला तर दहा मेसेजांत मिटतो, अकरानंतर निघाला तर माणसांवर जातो. मग मेसेज उडवणं आलं, आणि त्यात एक खोच आहे. मूळ मेसेज उडवला तरी त्याला दिलेल्या रिप्लायच्या वर तो मजकूर तसाच दिसत राहतो. त्यामुळे ते रिप्लायही एकेक करून काढावे लागतात. उडवलेल्या जागी अ‍ॅडमिनचं नाव सगळ्यांना दिसतं. कारण लिहिलं नाही तर पुढची भांडणं त्यावरच होतात. म्हणून लगेच खाली एक ओळ टाकायची: 'नियम 3, नाव घेऊन आरोप. नाव काढून पुन्हा टाका.' बहुतेक जण खरंच पुन्हा टाकतात, आणि तक्रार जिवंत राहते.

आता व्हॉट्सअ‍ॅपची 'कम्युनिटी' केली आहे, म्हणजे एकाच छत्राखाली अनेक ग्रुप. सूचनांचा ग्रुप बंदच. चर्चेचा ग्रुप खुला, पाच नियम वर्णनात, नवीन सदस्याला अ‍ॅडमिनची मंजुरी. रात्री साडेदहाला तो बंद करतो, सकाळी सातला उघडतो. याला टायमर नाही, हातानेच करावं लागतं. म्हणून अ‍ॅडमिन दोन हवेत, आणि त्यातला एक समितीबाहेरचा हवाच. नाहीतर समितीवरची टीका समितीच उडवते, असा संशय येतो आणि तो रास्त असतो.

'कुणी काही टाकलं तर अ‍ॅडमिन आत जाईल' या भीतीने बरेच जण ग्रुप बंद ठेवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलं आहे, की समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट नसेल, तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही.

चर्चेच्या ग्रुपमध्ये भाडेकरूंनाही घ्या. लिफ्टचा आवाज बदलला हे घरमालकाला पुण्याबाहेर बसून कळत नाही, रोज चढणाऱ्याला कळतं.