मराठी विकिपीडियाच्या वाचनासाठी स्टायलस: काही महिन्यांच्या वापरानंतर

संकेतस्थळाचे रूप आपल्या सोयीप्रमाणे बदलून देणारे स्टायलस हे एक्सटेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) मी गेल्या दिवाळीपासून रोज वापरत आहे आणि त्यातही सर्वाधिक वापर विकिपीडिया वाचताना होतो. आपण लिहिलेले सीएसएसचे, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या संगणकीय भाषेचे, नियम ते ठरवून दिलेल्या संकेतस्थळाच्या मूळ नियमांना जोडते. मजकुराला धक्का लागत नाही. अक्षर, अंतर, रंग आणि काय दिसावे व काय दिसू नये, एवढे मात्र आपल्या हाती येते.

हेच का निवडले, हे सांगणे आवश्यक आहे. याच कामासाठी पूर्वी स्टायलिश हे एक्सटेन्शन प्रसिद्ध होते. २०१७ मध्ये ते सिमिलरवेब या कंपनीकडे गेले आणि ते वापरकर्त्यांचा ब्राउझिंगचा इतिहास गोळा करत असल्याचे जुलै २०१८ मध्ये उघड झाल्यावर क्रोम व फायरफॉक्स या दोन्हींच्या दुकानांतून ते काही काळ हटवण्यात आले. त्याच्या जुन्या मुक्त आवृत्तीपासून निघालेली वेगळी शाखा म्हणजे स्टायलस. असे कोणतेही एक्सटेन्शन सर्व संकेतस्थळांवरील मजकूर वाचण्याची व बदलण्याची परवानगी मागते; त्यामुळे त्याचा सोर्स कोड खुला असणे ही माझ्या दृष्टीने पहिली अट आहे, सोयीसुविधा नंतर.

विकिपीडियाचे ‘व्हेक्टर २०२२’ हे रूप जानेवारी २०२३ मध्ये इंग्रजी आवृत्तीवर सर्वांसाठी लागू झाले. त्यातील मजकुराचा आखूड स्तंभ अनेकांना आवडला नाही, मला आवडला. पुढे अक्षरांचा आकार, स्तंभाची रुंदी आणि गडद पार्श्वभूमी निवडण्याचा मेनूही आला, त्यामुळे एवढ्यासाठीच कोणी एक्सटेन्शन शोधत असेल तर त्याची गरज नाही. देवनागरी वाचणाऱ्याचे काम तेवढ्याने भागत नाही. विकिपीडियाची पाने फॉन्ट बहुतांशी संगणकावर सोपवतात, म्हणून विंडोजवर मराठी लेख निर्मला यूआयमध्ये दिसतो आणि मॅकवर कोहिनूर देवनागरीत. शिवाय देवनागरीला ओळींमधली जागा लॅटिनपेक्षा जास्त लागते. वरच्या ओळीत ‘लट्टू’ आणि त्याच्या बरोबर खाली ‘महर्षींनी’ आले, की वरचा उकार आणि खालचे रफार, वेलांटी व अनुस्वार एकमेकांना जवळजवळ भिडतात. मी ओळींचे अंतर अक्षरांच्या आकाराच्या १.८५ पट केले, मजकुराला ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट दिला आणि मथळ्यांना मुंबईच्या एक टाइपने घडवलेला ‘मुक्ता’. लांबलचक लेख न थकता संपतो, तो मुख्यतः या अंतरामुळे. फॉन्टचा वाटा त्यामानाने कमी आहे.

या सर्व नियमांत मला सर्वात उपयोगी पडला तो भाषेवर आधारलेला नियम. मराठी विकिपीडियाच्या पानांच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची खूण असतेच; ती वाचकाला दिसत नाही. पण इंग्रजी विकिपीडियावरही एखाद्या गावाचे किंवा व्यक्तीचे मराठी नाव कंसात दिलेले असते, तेव्हा साच्यामुळे (विकिपीडियाच्या संपादकांनी वापरलेल्या तयार नमुन्यामुळे) त्या नावाभोवती तीच खूण येते. नियम पत्त्याऐवजी या खुणेला बांधला, की इंग्रजी परिच्छेद जसाच्या तसा राहतो आणि त्यातील मराठी नाव तेवढे आपल्या ‘ल’ आणि ‘श’च्या वळणात उमटते. हिंदी नावांची खूण वेगळी असल्याने त्यांना हात लागत नाही.

स्टायलसचा संपादक उत्तम आहे. नियम टाइप करत असतानाच शेजारच्या टॅबमधले पान बदलत जाते, त्यामुळे १.८ आणि १.९ यांतला फरक अंदाजाने नव्हे, डोळ्यांनी ठरवता येतो. पान उघडताना क्षणभर मूळ रूप चमकून जाण्याचा त्रास ‘इन्स्टंट इंजेक्ट’ हा पर्याय सुरू केल्यावर थांबला. काही संकेतस्थळे बाहेरून फॉन्ट उतरवून घेऊ देत नाहीत. तिथे फॉन्ट संगणकावरच बसवून घेणे हा सरळ मार्ग आहे.

मात्र सीएसएसची ओळख नसलेल्याला स्टायलस फारशी मदत करत नाही. तयार शैली मिळतात, परंतु देवनागरीचा विचार केलेल्या माझ्या पाहण्यात आल्या नाहीत. दुसरी बाब टिकाऊपणाची. विकिपीडियावर माहितीचौकट, संदर्भांचे आकडे, संपादनाचे दुवे यांची अंतर्गत नावे वर्षानुवर्षे तीच आहेत, त्यामुळे लिहिलेले नियम शाबूत राहतात. याउलट व्हिडिओंच्या एका लोकप्रिय संकेतस्थळावर छोट्या व्हिडिओंच्या पट्ट्या लपवणारे माझे नियम वारंवार निकामी झाले, कारण तिथली रचनाच बदलत राहते. नावाऐवजी दुव्याच्या पत्त्यावर बोट ठेवून, ‘ज्या चौकटीत असा दुवा आहे ती लपव’ असे सांगणारा ‘हॅज’ सिलेक्टर त्यातल्या त्यात तग धरतो. फायरफॉक्समध्ये तो १२१व्या आवृत्तीपासून चालतो. पडद्यावाचकासाठी, म्हणजे दृष्टिहीनांना पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, दिलेल्या नावावर नियम बांधणे मात्र टाळावे, कारण संकेतस्थळाची भाषा इंग्रजीवरून मराठी केली, की ते नावही बदलते आणि नियमाला काहीच सापडत नाही.

खाते उघडून विकिपीडिया वापरणाऱ्यांना आपल्या सदस्यपानाखाली स्वतःची सीएसएस ठेवता येते आणि त्यांचे काम एक्सटेन्शनशिवाय होऊ शकते. मी बहुधा लॉग इन न करताच वाचतो, म्हणून स्टायलस ठेवले आहे. कार्यालयातील आणि घरच्या संगणकांवरील नियम ड्रॉपबॉक्स या ऑनलाइन साठवण सेवेमार्फत जुळवून ठेवले जातात. फोनवरील विकिपीडियाच्या ॲपमध्ये मात्र यातले काहीच लागू होत नाही, त्यामुळे मोठे लेख मी संगणकासाठीच राखून ठेवतो.