बारावीनंतरचे करिअर समुपदेशन: नागपुरातील एका केंद्राचा अनुभव

माझी लेक यंदा जीवशास्त्र गट घेऊन बारावी झाली. नीटमध्ये मिळालेल्या गुणांवर शासकीय महाविद्यालयात एमबीबीएसला जागा मिळणार नाही, हे निकालाच्या दिवशीच कळून चुकले आणि त्याच संध्याकाळपासून घरात ड्रॉप घ्यायचा, म्हणजे वर्षभर थांबून नीट पुन्हा द्यायची, की नाही याखेरीज दुसरे बोलणेच राहिले नाही. शेवटी पश्चिम नागपुरातील एका खासगी समुपदेशन केंद्रात आम्ही साडेसहा हजार रुपये भरले. त्यात संगणकावरील अभिरुची चाचणी, तिचा छापील अहवाल, समुपदेशकांबरोबर दोन बैठका आणि प्रवेश अर्ज भरताना मदत, इतके मिळते. या चार गोष्टींचा दर्जा सारखा नाही, आणि पैसे भरण्यापूर्वी पालकांना हे कळावे म्हणून मी सविस्तर लिहीत आहे. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्याच्या उणिवा शहरातील इतर अनेक केंद्रांतही आढळतील अशा आहेत.

चाचणीबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. ती केवळ इंग्रजीत होती आणि प्रश्न परदेशी प्रश्नावलीवरून जसेच्या तसे उचललेले दिसत होते. गवत कापण्याचे यंत्र दुरुस्त करायला तुम्हाला आवडेल का, असा एक प्रश्न होता. असे यंत्र लेकीने जवळून कधी पाहिलेलेच नाही, त्यामुळे तिने "सांगता येत नाही" हा पर्याय निवडला. काटोलला माझ्या सासऱ्यांची संत्र्याची बाग आहे आणि तिथला फवारणी पंप तुंबला की नोझल खोलून साफ करण्याचे काम गेली तीन वर्षे हीच मुलगी करते. प्रश्नात फवारणी पंप असता तर तिने क्षणाचाही विलंब न लावता होकार दिला असता. व्यक्तीच्या आवडींचे सहा प्रकार मानणारी जॉन हॉलंड यांची मांडणी अशा बहुतेक चाचण्यांच्या मुळाशी असते आणि ती मांडणी विचार करण्याजोगी आहे. मात्र प्रश्न मुलांच्या जगण्यातले नसतील तर उत्तरांना अर्थ राहत नाही. अठ्ठावीस पानी अहवालात लेकीसाठी पहिला पर्याय डेटा विश्लेषक असा छापून आला होता.

पहिली बैठक मात्र या सेवेतील सर्वांत मोलाची गोष्ट ठरली. समुपदेशक मॅडमनी अहवाल उघडलाच नाही. "ताई, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का?" असे मला नम्रपणे सांगून त्या लेकीशी पाऊण तास एकट्याच बोलल्या. मला आत बोलावले तेव्हा टेबलावर तिच्या सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका पसरलेल्या होत्या. त्या सोबत आणायला मॅडमनी आधीच सांगितले होते. नीटच्या 180 प्रश्नांपैकी 90 जीवशास्त्राचे असतात, आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे 45-45. जीवशास्त्रात लेकीचे गुण परीक्षेगणिक वाढत गेले होते, पण भौतिकशास्त्रात ती दहाही सराव परीक्षांमध्ये एकाच ठिकाणी अडकली होती, कारण गणिती उदाहरणे ती सोडूनच देत होती. ड्रॉपचे वर्ष म्हणजे मुख्यतः याच उदाहरणांशी वर्षभर झुंजणे होय, आणि तशी तयारी मनातून असेल तरच ते घ्यावे, हे मॅडमनी कोणतीही भीती न घालता सांगितले. वर्षभर घरात कोणी इतके स्वच्छ बोलले नव्हते, आणि त्यात मीही आले.

त्यानंतर त्यांनी लेकीला विचारले, की कोणी सांगितले नसताना तू अलीकडे कशात वेळ घालवलास. तिने आबाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, बागेतील डिंक्या रोगाबद्दल सांगायला सुरुवात केली. कोणत्या झाडांच्या बुंध्यातून डिंक पाझरतो, पाणी कुठे साचते, जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे कलम करताना डोळा बांधतात, तो जमिनीपासून पुरेसा उंच का ठेवायचा आणि आबाजी बुंध्याला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट केव्हा लावतात, हे सगळे तिने वहीत झाडांचे क्रमांक टाकून लिहून ठेवले होते. त्या वहीची मला गंधवार्ताही नव्हती.

मॅडमनी निर्णय दिला नाही, काम दिले. पुढच्या बैठकीपूर्वी तीन महाविद्यालयांत प्रत्यक्ष जायचे, तिसऱ्या वर्षातील किमान दोन विद्यार्थ्यांशी बोलायचे आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते काय करतात ते लिहून आणायचे. सेमिनरी हिल्सचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आम्ही आधी पाहिले. तिथला प्रवेश नीटच्याच गुणांवर होतो आणि पदवी इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची आहे, पण गुरांच्या शस्त्रक्रियेचे वर्णन ऐकूनच लेकीने मान हलवली. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात ती तासाभरात कंटाळली. महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयातून मात्र ती दुपारी चार वाजेपर्यंत बाहेर पडेना. 1906 पासूनची ही संस्था आज अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. महाराजबागेचे प्राणिसंग्रहालय हेच विद्यापीठ चालवते. लहानपणापासून वाघ पाहायला त्या बागेत जाणाऱ्या आम्हा नागपूरकरांना शेजारच्या इमारतींत काय शिकवतात हे ठाऊक नसावे, याची मला त्या दिवशी खरोखर खंत वाटली.

तिथल्या एका विद्यार्थिनीने सांगितले की चार वर्षांच्या या पदवीत एक सत्र विद्यार्थी गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करतात, आणि पुढे पदव्युत्तर शिक्षण, राज्य लोकसेवा आयोगाची कृषी सेवा, बँकांतील कृषी अधिकाऱ्याची पदे किंवा बियाणे कंपन्या असे मार्ग निघतात. अमरावती मार्गावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, वर्धा मार्गावर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे आणि काटोललाच फळ संशोधन केंद्र आहे. म्हणजे ज्या विषयात मुलीचे मन रमते त्याचे संशोधन आमच्या दाराशीच चालते. कृषी शाखेच्या प्रवेशात सातबारा जोडल्यास शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्यांना अधिभार, म्हणजे वाढीव गुण, मिळतो, हेही आम्हाला याच आवारात कळले. समुपदेशन केंद्रात ते कोणी सांगितले नव्हते, आणि विदर्भातील केंद्राकडून ही चूक व्हायला नको होती.

दुसऱ्या बैठकीने माझी निराशा केली. त्या दिवशी मॅडम रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी बसलेल्या गृहस्थांनी लेकीची टिपणे न वाचताच नागपूरबाहेरील एका खासगी विद्यापीठाची चकचकीत पुस्तिका पुढे सरकवली. शुल्क वर्षाला काही लाखांत होते आणि "आमच्यामार्फत गेलात तर सवलत मिळेल" असे ते दोनदा म्हणाले. ज्या संस्थेला प्रवेशामागे मोबदला मिळत असेल तिचा सल्ला निःपक्ष कसा मानायचा, हा प्रश्न मी त्यांनाच विचारला, पण समाधानकारक उत्तर मिळाले नाही. पालकांनी पैसे भरण्याआधीच कोणत्याही केंद्राला थेट विचारावे की तुमचा कोणत्या महाविद्यालयांशी करार आहे. मॅडम परत आल्यावर मी ही तक्रार त्यांच्या कानावर घातली, तेव्हा त्यांनी क्षमा मागून स्वतः आणखी एक बैठक विनाशुल्क घेतली, हेही नमूद करणे न्याय्य ठरेल.

अर्ज भरण्यातील मदत ठीक होती. यादी वरून खाली पाहत जागा दिली जात असल्याने खरोखर हवे असलेले महाविद्यालयच वर ठेवावे, मिळण्याजोगे म्हणून नको असलेले आधी टाकू नये, हे केंद्रातल्या लोकांनी नीट समजावले. शेजारच्या टेबलावर अभियांत्रिकीचा अर्ज भरणाऱ्या मुलाला ते सांगत होते की पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर ती जागा आपोआप निश्चित होते आणि पुढच्या फेऱ्यांची वाट बंद होते, तेव्हा पहिला क्रमांक विचारपूर्वक लिही. नॉन-क्रीमीलेअरसारख्या प्रमाणपत्रांची मुदत मात्र आपणच आधी तपासून सेतू केंद्रातून वेळेत नवीन काढून घ्यावीत. निकालानंतर तिथल्या रांगेत आमचे दोन दिवस गेले.

लेकीच्या यादीत महाराजबागेजवळचे महाविद्यालय पहिले आहे आणि अकोल्याचे दुसरे. ज्या मुलामुलींचे ठरलेले आहे त्यांनी केवळ अर्जासाठी इतके पैसे खर्च करू नयेत. घरात बोलणे खुंटले असेल, तर अनुभवी समुपदेशकाबरोबरच्या एका बैठकीला मी निःसंकोच जायला सांगेन. चाचणी वगळून फक्त बैठक मिळेल का, असे आधी विचारावे. माझ्या भाच्यासाठी मी विचारले तेव्हा ती अडीच हजारांत मिळाली, आणि वेळ मॅडमचीच हवी असे नोंदणी करताना लिहून घेतले.