पर्जन्यमापकातील मेमरी कार्डासाठी फॅटएफएस: दोन पावसाळ्यांनंतरचे मत

मुलुंडमधील आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी एक छोटा पर्जन्यमापक बसवला आहे. त्यातील मायक्रोकंट्रोलर दर मिनिटाला ३२ बाइटची एक नोंद मेमरी कार्डावर लिहितो आणि त्यासाठी मी फॅटएफएस ही मोफत लायब्ररी (तयार प्रोग्रामचा संच) वापरतो. फॅट ही कार्डावर फाइली मांडून ठेवण्याची, विंडोजलाही समजणारी पद्धत आहे. ‘चॅन’ या टोपणनावाने काम करणाऱ्या लेखकाने ती साध्या सी भाषेत लिहिली आहे. कार्ड सुरू करणे, सेक्टर (कार्डावरील ५१२ बाइटचा तुकडा) वाचणे, लिहिणे अशी मोजकी फंक्शने आपण पुरवली की ती कोणत्याही चिपवर चालते. प्रत्येक उघड्या फाइलसाठी लागणारा ५१२ बाइटचा स्वतंत्र बफर (रॅममधील तात्पुरती जागा) ‘टायनी’ पर्यायाने वाचवता येतो, हे कमी रॅम असलेल्या चिपवर फार मोलाचे आहे.

पहिल्या पावसाळ्यात मात्र माझी दोन दिवसांची नोंद गेली. मी फाइल दिवसातून एकदाच बंद करत होतो. मधेच वीज गेली आणि कार्डावर शून्य बाइटची फाइल उरली. दोष लायब्ररीचा नव्हता. फॅट पद्धतीत फाइलचा आकार निर्देशिकेतील (कार्डावरील फाइलींच्या यादीतील) ३२ बाइटच्या नोंदीत असतो आणि ‘एफ-सिंक’ (फाइल उघडी ठेवून बदल कार्डावर उतरवणारे) किंवा ‘एफ-क्लोज’ (फाइल बंद करणारे) फंक्शन वापरेपर्यंत तो कार्डावर उतरत नाही, त्यामुळे मजकूर कार्डावर पोचलेला असूनही फाइल रिकामी दिसते. आता प्रत्येक नोंदीनंतर मी ‘एफ-सिंक’ करतो.

याहून अधिक उपयोग झाला तो फाइलसाठी आधीच जागा राखणाऱ्या ‘एफ-एक्सपांड’ या फंक्शनचा. दिवसाच्या १४४० नोंदींना ४६,०८० बाइट, म्हणजे नेमके ९० सेक्टर लागतात. मध्यरात्री एवढी सलग जागा आधीच राखून ठेवली की दिवसभर फॅटच्या तक्त्यात (कोणती जागा कोणत्या फाइलची, याच्या नोंदवहीत) बदल करावा लागत नाही आणि फाइलचा आकारही पहिल्यापासून बरोबर असतो. राखलेल्या जागेत जुना मजकूर राहू शकतो, म्हणून प्रत्येक नोंदीत तारीख आणि चेकसम (नोंद बिघडली का हे ओळखण्याचा आकडा) ठेवणे आवश्यक आहे. ही सोय सेटिंगच्या फाइलमध्ये स्वतंत्रपणे सुरू करावी लागते, हेही लक्षात ठेवावे.

वीज जाण्याला मुळातूनच तोंड देणारी लिटलएफएस ही फाइल सिस्टिम मी विचारात घेतली होती. चिपच्या शेजारी थेट बसवलेल्या फ्लॅशसाठी मी तीच निवडेन. परंतु आमच्या सोसायटीचे सचिव कार्ड काढून आपल्या विंडोज लॅपटॉपवर आकडे पाहतात आणि लिटलएफएसचे कार्ड तिथे थेट उघडत नाही. शिवाय झीज वाटून घेण्याचे (एकाच जागी वारंवार लिहिणे टाळण्याचे) काम मेमरी कार्डातील कंट्रोलर स्वतःच करतो, त्यामुळे लिटलएफएसचा तो मोठा गुण इथे फारसा उपयोगी पडत नाही.

एका गोष्टीवर कोणत्याही लायब्ररीत उपाय नाही. लिहिताना कार्ड २५० मिलिसेकंदांपर्यंत व्यस्त राहू शकते आणि त्याच क्षणी पुरवठा तुटला तर शेजारचे सेक्टरही बिघडू शकतात. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून एक मोठा कपॅसिटर आणून मी पुरवठ्यावर जोडला. व्होल्टेज उतरू लागताच प्रोग्राम चालू नोंद पूर्ण करून लिहिणे थांबवतो. दुसऱ्या पावसाळ्यात एकही फाइल बिघडली नाही.

कार्ड ३२ जीबी किंवा त्याहून लहानच घ्यावे. त्याहून मोठी कार्डे एक्सफॅट या फॅटच्या नव्या प्रकारात येतात. फॅटएफएस तेही वाचते, पण त्यासाठी फाइलींच्या लांब नावांची सोय सुरू करावी लागते आणि लहान चिपवर ती जागा खाते.