'लेड झेपेलिन टू' : १९६९ची 'आरएल' प्रत की २०१४चे पुनर्मुद्रण?

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा 'लेड झेपेलिन टू' हा अल्बम ऑक्टोबर १९६९मध्ये अमेरिकेत अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने प्रकाशित केला, आणि संग्राहक आजही ज्या प्रतींसाठी भरमसाट किंमत मोजतात त्या याच पहिल्या खेपेतल्या आहेत. रेकॉर्डवर शेवटच्या खाचेपासून लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, ती दिव्याखाली तिरकी धरली असता 'आर एल' आणि 'एस एस' ही हाताने कोरलेली रोमन अक्षरे दिसली, तर त्या प्रतीचे कटिंग, म्हणजे जिच्यावरून प्रती निघतात त्या मूळ तबकडीवर खाच कोरण्याचे काम, ध्वनितंत्रज्ञ बॉब लडविग यांनी स्टर्लिंग साउंड या स्टुडिओत केलेले आहे. ही अक्षरे दोन्ही बाजूंना आहेत का, हे आवर्जून पाहावे.

लडविग यांनी आवाजाची पातळी चढी ठेवली आणि खर्जालाही कात्री लावली नाही. खर्ज जितका भरदार, तितकी खाच अधिक नागमोडी होते आणि स्वस्त प्लेअरची सुई तिच्यातून उडते. अटलांटिकचे सहसंस्थापक अहमत एर्टेगन यांच्या मुलीच्या प्लेअरवर नेमके हेच घडले आणि म्हणून पातळी व खर्ज उतरवून नवे कटिंग करण्यात आले, असे स्वतः लडविग यांनी सांगितले आहे.

फरक ऐकायचा असेल तर 'द लेमन साँग' लावावे. 'आरएल' प्रतीत जॉन पॉल जोन्स यांच्या बासचा प्रत्येक सूर कुठे सुरू झाला आणि किती घुमला हे वेगळे कळते. नंतरच्या अमेरिकन प्रतींत तोच बास गिटारच्या मागे दबल्यासारखा वाटतो. मात्र तुलना करताना दोन्ही प्रतींचा आवाज कानाला सारखा लागेल असा जुळवून घ्यावा, कारण जे मोठ्याने वाजते ते आपल्याला उगाचच सरस वाटते. मी जुळवून ऐकले तेव्हा फरक कमी झाला, पण मिटला नाही.

बँडचे गिटारवादक जिमी पेज यांच्या देखरेखीखाली झालेले २०१४चे रिमास्टरिंग, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणावर नव्याने केलेले ध्वनिसंस्करण, वेगळ्या स्वभावाचे आहे. 'रॅम्बल ऑन'च्या सुरुवातीचा हलका ठेका आणि अकूस्टिक गिटार तिथे स्वच्छ ऐकू येतात. छातीवर आदळणारा ड्रमवादक जॉन बॉनम यांचा ड्रम मात्र थोडा सौम्य होतो. साध्या प्लेअरवर ऐकणाऱ्याने किंवा एकच प्रत घेणाऱ्याने निःशंकपणे हीच घ्यावी, असे माझे मत आहे.

'आरएल' घ्यायची ती चांगले कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असेल आणि प्रत वाजवून पाहता येत असेल तरच, कारण त्या काळच्या जड सुयांनी झिजलेली 'आरएल' ही नव्या प्रतीपेक्षा वाईट वाजते. दुकानात पहिले गाणे ऐकून निर्णय घेऊ नये. दुसऱ्या बाजूचे शेवटचे 'ब्रिंग इट ऑन होम' लावावे: ते हळू आवाजात, हार्मोनिकावर सुरू होते आणि मग सगळा बँड एकदम तुटून पडतो. आतल्या खाचांची झीज तिथे लपत नाही. त्या क्षणी गिटार खरखरली, तर प्रत परत ठेवावी.