गवताचं ग्रीन की वाळूचं ब्राऊन?
जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, काळी जमीन भेगाळते. तिथे गोल्फसाठी गवताचं ग्रीन (भोकाभोवतीचा सपाट, बारीक कापलेला भाग) म्हणजे पांढरा हत्तीच. बर्म्युडा गवत ३ ते ५ मिलिमीटरवर कापायचं, उन्हाळ्यात रोज पाणी द्यायचं. पाळी चुकली की चट्टे, आणि वर्गणी वाढली की सभासदांची कुरकुर.

ब्राऊन म्हणजे ग्रीनच्या जागी तेल मिसळलेल्या वाळूचा पट, त्याला पाणी लागत नाही. पण पाऊलखुणांवर चेंडू वाकडा जातो, म्हणून पुढच्या गटासाठी फळी ओढून वाळू सपाट करायची. (नेमकं हेच कुणी करत नाही!) गवताच्या ग्रीनवर चेंडू पडून झालेला खड्डा कडा आत ढकलून बुजवावा, मधून उचकटला तर मुळं तुटतात.

खान्देशात ब्राऊनच परवडतं. फक्त जमिनीतल्या भेगा क्लबच्या समितीने ‘दुरुस्तीखालील जमीन’ जाहीर कराव्यात, नाहीतर भेगेतला चेंडू दंडाशिवाय हलवता येत नाही.